वाड्याचें लांकूड आणि दारचा बाक

संगमनेरच्या जुन्या पेठांतून हल्लीं जो कोणी सकाळीं फिरावयास निघेल, त्यास अधूनमधून एखादा वाडा उतरत असलेला दिसेल. प्रथम धाब्याची माती खालीं येते, मग कडीपाट निघतो, मग तुळया. भिंतींच्या विटा आणि पांढरी माती ट्रॅक्टरमधून गांवाबाहेर जाते, आणि शेवटीं रस्त्याच्या कडेस लांकडांचा एक ढीग उरतो. त्यांत खांब असतात, दारांच्या फळ्या असतात, झिजलेले उंबरठे, जिन्याच्या पायऱ्या, खिडक्यांच्या चौकटी असतात, आणि आजच्या मुलांस ज्याचें नांवहि ठाऊक नाहीं असा एखादा अडसर असतो. चारदोन दिवसांत तो ढीग नाहींसा होतो. त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न केवळ भंगारवाल्याचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं; तो विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि विचारण्याजोगा आहे, म्हणून येथें मांडीत आहों.

बहुधा होतें तें असें. सागवानी खांब व तुळया जुन्या लांकडाचा व्यापारी पाहून ठेवतो आणि पुण्यामुंबईकडे पाठवितो. तेथें त्यांचीं मेजें, बाक व झोपाळे होतात आणि बंगल्यांच्या व मोठ्या उपाहारगृहांच्या बागांत जाऊन बसतात. मधल्या प्रतीच्या फळ्या वखारींत पडून राहतात. मोडकें, खिळ्यांनीं भरलेलें तें भट्टींत किंवा न्हाणीघरांतील बंबांत जातें. सागाचें झाड तोडण्याजोगें होण्यास पन्नाससाठ वर्षें तरी लागतात. त्यानंतर कित्येक पिढ्या तें घर तोलून धरतें. आणि अखेर चार बादल्या पाणी तापवून त्याची राख होते. घरमालकास आम्ही दोष देत नाहीं. वाटण्या होऊन खोल्यांचे तुकडे झालेले, गळतीनें भिंती खचलेल्या, दुरुस्तीचा खर्च कोणीं द्यावा यावरून भावाभावांचें बोलणें बंद झालेलें, असें घर सांभाळणें किती अवघड असतें, हें दुरून उपदेश करणाऱ्यास कळत नाहीं. वाडा पडावयाचा असेल तर तो पडेल. आमचा प्रश्न लांकडापुरता आहे.

परंतु वाड्याबरोबर आणखीहि एक वस्तु जाते, आणि तिची मोजदाद कोणी करीत नाहीं. ती म्हणजे दारचा ओटा. दाराच्या दोन्ही अंगांस असलेले हे दगडी ओटे म्हणजे घरानें रस्त्याला देऊन टाकलेली जागाच होती. उन्हाळ्यांत दुपार कलली म्हणजे आजोबा तेथें येऊन बसत. भाजीवाली आपली पाटी क्षणभर टेकवी. विड्यांचें सूप मांडीवर घेऊन बायका तेथेंच पानें कातरीत व विड्या वळीत बसत. शाळेंतून आलेलें मूल तेथेंच दप्तर टाकून खेळावयास पळे. रस्त्यानें जाणाऱ्या ओळखीच्या माणसास "या, बसा" म्हणावयाचें तर त्याला घरांत न्यावें लागत नसे. नव्या इमारतीच्या खालीं वाहनांस जागा असते, पुढें लोखंडी फाटक असतें. माणसास बसण्यास मात्र जागा नसते. तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरून आलेले आजोबा उभ्या केलेल्या दुचाकीवर कसेबसे टेकतात, किंवा शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसतात आणि दुकानदाराकडे पाहून उगीच हंसतात. हें चित्र आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें असेल. कित्येकांच्या तर घरचेंच असेल.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वाडा उतरतो तेव्हां त्याच्याच लांकडाचा निदान एक बाक करावा, आणि तो त्याच जागीं, नव्या इमारतीच्या दारीं, रस्त्याकडे तोंड करून ठेवावा. एका बाकास दोनतीन कड्या, कडीपाटाच्या चारसहा फळ्या आणि पाठीस दाराची एखादी फळी एवढें पुरतें. साऱ्या वाड्याच्या लांकडांतून इतकें बाजूला काढलें तर व्यापाऱ्याच्या हिशेबांत तें दिसावयाचेंहि नाहीं.

यावर पहिला आक्षेप जाणत्या माणसांकडूनच येईल, आणि तो योग्य आहे. आपल्या पूर्वजांनीं बाहेर बसण्यासाठीं सहसा लांकूड वापरलें नाहीं, दगड वापरला. वडाचा पार दगडी, देवळाची ओवरी दगडी, नदीचा घाट दगडी, ओटाहि दगडी. लांकूड त्यांनीं छपराखालीं ठेवलें. झोपाळा ओसरीवर, चौरंग देवघरांत, पाण्याची घडवंची स्वयंपाकघरांत. बाज तेवढी रात्रीं अंगणांत येई, परंतु सकाळीं ती उचलून भिंतीशीं उभी करीत. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्यें घातला गेला. त्यासाठीं सागवान आपल्या शेजारच्या जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आणला असें सांगतात. १८२८ च्या आगींत वरचें सारें लांकूडकाम जळून गेलें. दगडी तट आणि जोतीं आजहि उभीं आहेत. आगीची गोष्ट निराळी आणि पावसाची निराळी हें खरें, तथापि लांकूड दगडाची बरोबरी करीत नाहीं हें दोहोंवरून दिसतें. तेव्हां उघड्यावर लांकूड ठेवणें हें जुन्या शहाणपणाच्या थोडें विरुद्ध जाणें आहे, एवढें प्रथम मान्य करूनच पुढें गेलें पाहिजे.

परंतु संगमनेरची हवा या कामीं आपल्या बाजूची आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यांत घाटघर व भंडारदरा या बाजूस पावसाळाभर जें कोसळतें, त्याचा अल्पच अंश आपल्यापर्यंत पोंचतो; प्रवरेला पूर येतो तो बहुतेक तिकडच्या पाण्याचा. आपला तालुका पर्जन्यछायेंतला. येथें लांकूड भिजलें तरी लवकर वाळतें. आणि लांकूड कुजतें तें भिजण्यानें नव्हे, भिजून तसेंच ओलें राहण्यानें. घाटमाथ्यावर हाच बाक ठेवावा असें आम्हीं सुचविलें नसतें.

शिवाय वाड्याचें लांकूड हें आजच्या बाजारांत मिळणाऱ्या कोंवळ्या लांकडासारखें नव्हे. जुन्या सागाच्या गाभ्यांत निसर्गतःच तेलकट द्रव्यें असतात, त्यामुळें वाळवी त्यास सहसा शिवत नाहीं. कडेचा पांढुरका थर मात्र तिला फार आवडतो. तो तासून टाकावा. बाभूळ सागाहून जड आणि कठीण. ती कड्यांतून, औतांतून, गाडींतून सांपडते. निंबाच्या कड्याहि बऱ्या टिकतात. आंब्याच्या फळ्या दिसावयास रुंद व देखण्या, परंतु उघड्यावर त्यांचा थोड्याच पावसाळ्यांत भुसा होतो. त्या माळ्यावर सामान ठेवण्यास वापराव्या. शंभर वर्षांच्या धुरानें व धुळीनें सगळींच लांकडें काळीं झालेलीं असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनीं ओळख पटत नाहीं. एका कोपऱ्यावर रंधा मारून पाहावा. सागाच्या छिलक्यास जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि तो हातास किंचित् तेलकट लागतो. एकदां हा वास ओळखीचा झाला म्हणजे तो विसरत नाहीं.

बाक कसा करावा हें सुतारास आम्हीं शिकवावें असें नाहीं. परंतु ज्याचा हात घरांतील कपाटें व दारें करण्यास सरावलेला असतो, तो चांगला सुतारहि बाहेरच्या कामांत एक गोष्ट कधीं कधीं विसरतो. ती म्हणजे, पाणी कोठून निघून जाईल. घरांतल्या चौरंगाच्या फळ्या एकमेकींस घट्ट भिडवितात. बाकाच्या फळ्यांत बोटाच्या अर्ध्या रुंदीइतकी फट ठेवावी, म्हणजे पाणी खालीं गळतें आणि फळी फुगली तरी तिला जागा मिळते. बैठकीस पुढच्या बाजूस किंचित् उतार असावा. फळीचीं टोकें, म्हणजे जेथें लांकूड आडवें कापलेलें असतें तीं, सर्वांत अधिक पाणी पितात; तेथें तेल दोनतीनदां मुरवावें. खिळ्यांऐवजीं पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे स्क्रू वापरावे, कारण साधें लोखंड गंजून फुगतें आणि लांकूड आंतून फोडतें. जुने खिळे तर आधींच त्यांत रुतलेले असतात. लोहचुंबक फिरवून ते एकेक शोधून काढावे, नाहींतर रंध्याचें पातें गेलेंच म्हणून समजा. खिळा निघाल्यावर भोंकाभोंवतीं जो काळा डाग राहतो तो घांसून काढण्याचा अट्टाहास करूं नये. कोठें काय ठोकलेलें होतें हें त्यावरून कळतें, आणि आमच्या मतें नव्या झिलईपेक्षां तें अधिक शोभतें.

दोन धोक्यांविषयीं मात्र पालकांनीं विशेष लक्ष घालावें. जुन्या दाराखिडक्यांवर तेलरंगाचे थरावर थर असतात, आणि त्या काळच्या रंगांत शिसें असण्याचा फार संभव असतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भाग इतकें मर्यादित करणारे नियम २०१६ मध्यें झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. वाड्यांचे रंग त्याच्या कितीतरी आधींचे. असें लांकूड कोरडें घांसलें कीं विषारी धूळ उडते आणि ती लहान मुलांस विशेष घातक असते. रंग लावलेली फळी मुलांच्या हातीं देऊंच नये. ती मोठ्या माणसानें तोंडास योग्य आच्छादन बांधून, ओली करून खरवडावी, किंवा सरळ बिनरंगाची कडीपाटाची फळी घ्यावी. दुसरा धोका जवसाच्या तेलाचा. लांकडास हें तेल उत्तम. परंतु तें पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकल्या तर त्या आपोआप तापतात आणि काडी न लावतां पेट घेऊं शकतात. काम संपतांच त्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

वाड्याचें लांकूड न मिळाल्यास कोणी माल भरावयाच्या खोक्यांचीं व पॅलेटांचीं लांकडें घेतात. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. नेदरलंड्सचे प्रसिद्ध शिल्पज्ञ गेरिट रीटफेल्ट यांनीं १९३४ मध्यें खोक्यांच्या साध्या फळ्यांची खुर्ची रचली. तिचे सुटे भाग घरीं नेऊन ज्याचे त्यानें स्क्रूंनीं जोडावयाचे होते, आणि आज ती संग्रहालयांतून मानानें ठेवलेली आहे. मात्र परदेशीं जाणाऱ्यायेणाऱ्या मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो तो वाचावा. एचटी अशीं अक्षरें असतील तर लांकूड नुसतें तापवून किडे मारलेले आहेत. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, तें घेऊं नये. रेल्वेचे जुने लांकडी स्लीपर कोणी देऊं केले तर तेहि नाकारावे. संगमनेरला रेल्वे नाहीं, त्यामुळें हा मोह आपणांस कमी. परंतु ते इतके भक्कम दिसतात कीं माणूस फसतो. त्यांत मुरविलेलें काळें क्रिओसोट अंगास लागणें अपायकारक आहे, आणि युरोपांत असें लांकूड सामान्य ग्राहकास विकण्यावर २००३ पासून निर्बंध आहेत.

आतां एक तक्रार. पुणें-नाशिक रस्त्यानें जातांयेतां उपाहारगृहांच्या अंगणांत बैलगाडीचीं चाकें भिंतीस टेकवून ठेवलेलीं दिसतात. कोठें चाक आडवें करून, त्यावर कांच टाकून, त्याचें मेज केलेलें असतें. पाहणाऱ्यांस मौज वाटते; आम्हांस वाईट वाटतें. चाक ही काय वस्तु आहे तें पाहा. मध्यें तुंबा, तुंब्यांत ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर गोल पुठ्ठे, आणि सर्वांवर लोहाराची धाव. लोखंडाची ती पट्टी तापवून लाल करावयाची, चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचें. ती निवतांना आकसते आणि सारे सांधे आवळून धरते. येथें सुताराची विद्या आणि लोहाराची विद्या एका ठिकाणीं येते. ऊंस वाहणाऱ्या गाड्यांस रबरी टायर आले, मागोमाग ट्रॅक्टर आले, आणि असें चाक घडविणारे हात विरळा झाले. असें धड चाक कापून किंवा त्यास भोंकें पाडून त्याचें मेज करणें आम्हांस पसंत नाहीं. जी वस्तु पाहून तिची घडण अजून शिकतां येते, ती तशीच ठेवावी. पुण्यास दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनीं जन्मभर गांवोगांव हिंडून जुने दरवाजे, दिवे, अडकित्ते, भांडीं जमविलीं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषहि त्यांच्या संग्रहालयांत आणून उभे केलेले आहेत. त्यांनीं त्या दरवाजांचीं मेजें केलीं असतीं तर आज आपण सहल काढून काय पाहावयास गेलों असतों? तुंबा फुटला आहे, धाव गेली आहे, निम्मे आरे मोडले आहेत, असें चाक मात्र खुशाल घ्यावें. बाभळीचे आरे बाकाच्या पाठीस फार चांगले. माणसाच्या घामानें व हातानें ते आणखी गुळगुळीत होतात. मोडक्या जुवाचा हात टेकावयास उपयोग होतो, त्याची बांक जणूं त्यासाठींच घडविलेली असते. कोरीव गणेशपट्टी कोणी बैठकीस लावणार नाहीं अशी आशा आहे, तरी सांगून ठेवलेलें बरें.

दुसऱ्याच्या घरचें लांकूड आपल्या घरास लावूं नये, असाहि समज कित्येक कुटुंबांतून आहे. त्याचा वाद आम्ही घालीत नाहीं. समजुतीशीं भांडण्यापेक्षां तिला वळसा घालणें सोपें. हा बाक घरांत यावयाचाच नाहीं, आणि लांकूडहि दुसऱ्याचें नाहीं.

खर्चाचा प्रश्न उरतो. लांकूड घरचेंच असतें, परंतु जुन्या लांकडाचें काम नव्याहून किचकट असतें. खिळे काढण्यांत आणि वांकडी कडी सरळ करण्यांतच सुताराचा बराच वेळ जातो. "लांकूड तर फुकटच आहे, मग मजुरीहि थोडी कमी घ्या," असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हा हिशेब उलटा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथांत सुतार हा गांवच्या बलुतेदारांपैकीं एक म्हणून वर्णिलेला आहे. औतें व नांगर दुरुस्त ठेवण्याबद्दल त्यास सुगींत धान्य मिळे. तें बलुतें गेलें, औतें लोखंडी झालीं, आणि घरांतील सामान कारखान्यांतून तयार होऊन येऊं लागलें. वांकस चालविणारा म्हातारा सुतार आतां शोधावा लागतो. तो सांपडला तर त्याच्या दिवसाची पुरी किंमत द्यावी, आणि तो काम करीत असतां एखादा मुलगा किंवा मुलगी शेजारीं बसवावी.

हें शेवटचें आम्ही सहज म्हटलेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणीं, तेव्हांच्या अहमदनगरांत, अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत मुलांस सुतारकाम शिकविलें जात असे. पुढें १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंत हस्तव्यवसायांतून शिक्षण हा विचार गांधीजींनीं देशापुढें मांडला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या काळांत दहा दिवस दप्तराविना असावे व त्या दिवसांत मुलांनीं सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावें, असें सुचविलेलें आहे. दहा दिवस कशांत घालवावे याचा पुष्कळ शाळांस विचार पडतो. आमचें मत असें कीं, ते गांवांतील एखाद्या उतरत्या वाड्याच्या ढिगाशीं घालवावे. पहिले दोन दिवस लांकडें ओळखण्यांत व खिळे काढण्यांत जातील. लांबी, रुंदी, जाडी मोजून घनफळाचें गणित तेथेंच होईल. कडीस कडी म्हणतात आणि तुळईस तुळई, हें भाषेच्या तासाहून तेथें अधिक चांगलें कळेल. दहाव्या दिवशीं फार सुबक बाक तयार होईल असें नाहीं. एखादा पाय आंखूड निघेल, आणि तो कोणाचा यावर भांडण होईल.

त्या बाकावर पाट्या लावूं नयेत अशी आमची विनंती आहे. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याच्या सौजन्यानें, असें रंगविलेलें असलें कीं बसणारास आपण कोणाच्या तरी उपकाराखालीं बसलों आहों असें वाटतें. ओट्यावर तसें कधीं वाटत नव्हतें. फाटकाच्या आंत तो ठेवणेंहि बरें नव्हे. फाटकाबाहेर ठेवला तर चोरीस जाईल ही भीति खरी आहे, म्हणून मागील बाजूस जमिनींत लोखंडी कडी पुरून त्यास जखडावा. मात्र वाटसरूंची वाट अडणार नाहीं एवढें पाहावें. दर उन्हाळ्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, घरांतल्या कोणीं तरी त्यास तेलाचा एक हात द्यावा. ऊन्हानें वरचा रंग राखाडी होईल, त्यानें लांकूड बिघडत नाहीं.

आणि पाय मातींत रोवूं नयेत. मातींत गेलेलें लांकूड जमिनीच्या पातळीशींच प्रथम कुजतें, मग तें सागाचें असो कीं बाभळीचें. प्रत्येक पायाखालीं एकेक सपाट दगड ठेवावा. वाड्याच्या जोत्याचे घडीव दगड बहुधा त्या ढिगाशेजारींच पडलेले असतात. त्यांतले चार मागून घ्यावे.